सहा नावांपुढं एक अंगठा

दादा आला तवा आत्याबाई मेंढरांच्या वाघरात लपून बसली व्हती. वाघर म्हंजी मेंढरांभवती लावत्यात ते जाळं. मोठी मेंढरं चरायला गेल्ती, आत नुसती बारकी कोकरं, आन् त्यांच्या मधी ही घोंगडं डोक्यावरनं घेऊन बसल्याली. मला ठाव व्हतं ती कुठं हाय. पर मी चुलीकडंच बघत ऱ्हायले.

"कुशे, आत्या तयार हाय का?" दादा म्हणला. "शिक्रापूरपतूर जीप भेटंल, तिथनं एस्टी. दुपारच्या आत पुण्यात पायजे."

दादा म्हंजी माझा थोरला भाऊ हनुमंत. भांडगावचा. शाळामास्तर व्हता. आत्याबाई म्हंजी माझी सासू झुंबरबाई. दादाची नोकरी गेली ती आत्याबाईच्या अंगठ्यापायी गेली, आन् माघारी मिळाली असती तर त्याच अंगठ्यानं मिळाली असती. त्या दिवशी तिला पुण्याला मोठ्या साहेबाम्होरं न्यायचं व्हतं, कागदावर अंगठा उठवायला. एवढंच काम व्हतं.

त्येनं शाळंतला पांढरा शर्ट घातला व्हता. कॉलर ढिली झाल्ती, मान बारीक झाल्ती. आत्याबाईला मिश्रीची डबी आणली व्हती. मी चहा ठेवते म्हणलं तर म्हणला, चहा नको, पोटात गोळा आल्यासारखं झालंय, सकाळधरनं. मी म्हणलं, भ्या वाटतंय व्हय? तर म्हणला, "भ्या तर दोन वरसं वाटतंय. आज जरा वरच्या बाजूला वाटतंय."

तेवढ्यात एक कोकरू वरडलं आन् घोंगडं हललं. दादा तिकडं गेला. वाकून बघितलं आन् हासला.

"आत्या, पाव्हण्याला बघून लपत्यात व्हय कुणी?"

"मी कुठं लपले? कोकराला ऊन लागत व्हतं."

"घोंगडं तुमच्या डोस्क्यावर हाय आत्या, कोकराच्या न्हाई."

त्येनं तिला उठवायला हात म्होरं केला. तिनं एक हात दिला, दुसरा पदरात. त्याला तवाच कायतरी कळलं आसंल. तो हासायचा थांबला. पदर हळूच बाजूला केला तर अंगठ्याला लुगड्याची चिंधी बांधल्याली, तेलानं भिजल्याली. त्येनं चिंधी सोडली. अंगठ्याचं टोक उकडल्यावानी पांढरं झाल्तं, कातडं सुटलं व्हतं.

"चुलीत घातला," आत्याबाई म्हणली. "इस्तवात. मी म्हणलं, अंगठाच न्हाई तर सरकार काय बघंल. मला तुरुंगात नको रं मास्तर. मी तिथं मरंल."

दादा तिथंच लेंड्यांत खाली बसला. पांढऱ्या शर्टानं. मी म्हणलं आता हा वरडंल, काय करंल. पर त्येनं तिचा हात हातात धरला आन् म्हणला, "लई दुखतंय का आत्या?"

हे असं का झालं ते सांगते, न्हाईतर कुणाला समजायचं न्हाई.

आमचा बाप भिमाजी. मेंढरं राखायचा. आमच्यात शाळंत बसल्याला पहिला दादा. मी चौथीपतूर गेले, म्होरं मेंढरांमागं. दादा ल्हानपणी लांडग्याला भ्यायचा न्हाई, अंधारात काठी घेऊन जायचा. पर तलाठ्याचा माणूस कागद घेऊन आला की आईच्या मागं लपायचा. बाप म्हणायचा, ह्याला शिकवा, कागदाचं भ्या तरी जाईल. तो शिकला, मास्तर झाला, पर भ्या काय गेलं न्हाई. शाळंत कचेरीचा लखोटा आला की आधी देवाम्होरं ठेवायचा आन् मग फोडायचा. पोरं हासायची. तो पण हासायचा.

त्याची बदली तळेगाव ढमढेऱ्याच्या पल्याड बिरोबाच्या माळावरच्या शाळंत झाली. दोन खोल्याची शाळा, आमच्या वस्तीला लागून. आठवडाभर आमच्याकडंच जेवायचा, शनवारी सायकल काढून भांडगावला, वैनीकडं आन् हर्षदाकडं. हर्षदा त्याची लेक.

तवा सरकारनं काढलं व्हतं, आमच्या जातीच्या पोरी शाळंत आल्या की दिवसाला एक रुपाया. पोरी यायला लागाव्यात म्हणून. चांगलं व्हतं. पर आमचं काय व्हतं, दिवाळी झाली की आमी बसून न्हाई ऱ्हात. मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं खाली उतरायचं, दौंडाकडं. आज ह्याच्या रानात मेंढरं बसवायची खतासाठी, उद्या त्याच्या. घोडी, कोंबड्या, बारकी पोरं, सगळं संगट. त्याला आमी वाडा म्हणतो. पार पाऊस आला की माघारी. घरी ऱ्हाती ती म्हातारी.

वाड्यावर आमच्या भावकीच्या तीन घरच्या सहा पोरी व्हत्या. त्यात माझी सायली. शाळंत त्या न्हाईत म्हणल्यावर दादाचा जीव ऱ्हायना. म्हणायचा, शाळा वाड्यावर येत न्हाई तर मास्तर यील. शनवारी दुपारी शाळा सुटली की सायकलवर फळा बांधायचा आन् आमी कुठं उतरलोय ते इच्यारत इच्यारत यायचा. भांडगाव तिकडंच, म्हणून त्याला वाटंत पडायचं. बाभळीखाली पोरींना बसवायचा. रात वाड्यावर, आईतवारी पुन्हा शाळा, मग घरी. आठवड्याचा अभ्यास लिवून द्यायचा. पोरींना उजळणी येत व्हती, खरंच येत व्हती. आमचं मालक, संपत नाव त्यांचं, ते म्हणायचं, "मास्तर, मेंढरांना पण येतीया आता बे एके बे."

म्हणून तो पोरींची हजेरी लावायचा. पोरी शिकत्यात, मग गैरहजर कशा? त्याला ते खोटं वाटलंच न्हाई.

आन् पैसं. पैसं शाळंत यायचं, आईबापाचा अंगठा घेऊन द्यायचं. आईबाप रानात. तर आमच्यात रीत हाय, वाडा बाहेर असला की घरी ऱ्हायल्याली म्हातारी समद्यांच्या नावानं घेती. रेशन तिनं घ्यायचं, लोकर इकली त्येचं पैसं तिनं, सोयरिकीचा नारळ पण तिनं. तिनं घेतलं म्हंजी घरानं घेतलं. कुणी इच्यारत न्हाई. दादानं आत्याबाईला बोलावलं, तिनं सहा पोरींच्या नावापुढं सहा येळा अंगठा उठवला. पैसं पदरात बांधलं. पीठ न्यायला मालक आलं त्यांच्याकडं दिलं. माझ्या हातात सायलीचं आलं, मी तिला तळेगावच्या बाजारातली छत्री घेतली. जांभळी. समद्या पोरींना पोचलं. वरसं न् वरसं असंच चाललं.

मग एका साली माघात शाळा तपासायला साहेब आला. न सांगता. शाळंत चार पोरं. हजेरी बघितली तर सहा पोरी हजर. साहेबानं इच्यारलं, कुठं हायत? दादा म्हणला, वाड्यावर. साहेबाला वाटलं गावातला वाडा. म्हणला बोलवा. दादा म्हणला, साहेब ती लांब हायत, नदीच्या काठाला, आज पाटसच्या बाजूला असतील. साहेब कायच बोल्ला न्हाई. हजेरीच्या आन् पैशाच्या वह्या गाडीत घातल्या. दादा सांगत व्हता, कुशे, तो वरडला असता तर बरं झालं असतं गं. गप ऱ्हायला तवाच मी समजलो.

वह्या पुण्याला गेल्या. तिथं अंगठं भिंगाखाली धरलं. सहा पोरींच्या नावापुढं अंगठा एकच. म्हणलं बनावट हाय, मास्तरनं पैसं खाल्लं.

चौकशी लागली. दादानं नुसतं सांगायचं व्हतं, अंगठा झुंबरबाईचा हाय. बास. पर आधल्या दिवशी आमचं मालक भांडगावला गेलं. मी संगट व्हते. मालकांनी बिरोबाचा भंडारा, म्हंजी हळद, पुडीत नेली व्हती. दादाच्या हातावर ठिवली.

"मास्तर," म्हणलं, "आईचं नाव घेऊ नका. सहा नावांपुढं एकटीनं अंगठा उठवला म्हणून तिला धरतील. म्हातारी हाय. उचला भंडारा, बिरोबाची शपथ हाय."

वैनी दारात उभी व्हती. म्हणली, "दाजी, आन् आमचं काय?"

"मास्तर शिकल्यालं हायत. त्यांना काय करत्यात? लई तर बदली."

दादा माझ्याकडं बघत व्हता. मी काय बोलणार? एका बाजूला भाऊ, एका बाजूला नवरा. मी खाली बघितलं. त्येनं भंडारा कपाळाला लावला.

चौकशीत तो म्हणला, पैसं पोचलं. कुणाचा अंगठा? तर गप. पुन्हा इच्यारलं, पुन्हा गप. मला, मालकांना, कुणाला बोलवलं न्हाई. बदली झाली न्हाई. बडतर्फ केलं. म्हंजी नोकरी गेली, पेन्शन गेली, म्होरं कुठं सरकारी काम न्हाई. आन् वर पोलीस केस हुईल म्हणून सांगितलं. झाली न्हाई, पर हुईल हुईल म्हणून जी टांगती ठेवली ती वाईट. खाकी दिसली की तो उसात शिरायचा. पोस्टमन आला तरी. वैनी बाहेरनं सांगायची, "या बाहेर, पोस्टमन हाय, हर्षदाच्या मामाचं पत्र हाय."

आन् मग त्यालाच खाकी घालायला लागली. कारेगावला एका कंपनीच्या गेटवर वाचमन म्हणून लागला. एकदा मी भाकरी घेऊन गेले. ट्रक आला की नंबर वहीत लिवायचा आसतो. हा वही डायवरच्या हातात द्यायचा. "आप लिखो, अपने हात से." डायवर म्हणायचं, "अरे चाचा, लिखना नहीं आता क्या?" हा म्हणायचा, "नहीं आता." मी म्हणलं, दादा, असं का म्हणतोस? तर म्हणला, "माझ्या हातानं लिवल्यालं कुणी कुठं नेऊन बघंल, सांगता येतंय का?"

तिथंच त्याला कुणीतरी वकील सांगितला. बापूसाहेब म्हणून, शिरूरचं. म्हातारं माणूस, कानाला कमी ऐकू यायचं, त्यामुळं सगळी गुपितं वरडून सांगायला लागायची. त्यांनी कागद वाचलं आन् वर अपील टाकलं. पहिल्या दोन तारखा नुसत्याच गेल्या. मग ते म्हणलं, "मास्तर, तुम्ही लपवताय काहीतरी. ज्याचा अंगठा आहे तो माणूस जित्ता आहे का मेला?"

दादा बाहेर उठून गेला. मीच सांगितलं. मी त्या दिवशी संगट गेल्ते. वरडून सांगितलं, बाहेरच्या टायपिंगवाल्यानं पण ऐकलं. माझी सासू हाय. पैसं मला पोचलं, मी साक्ष देते.

बापूसाहेब म्हणलं, "तू सख्खी बहीण. तुझं बोलणं कोण धरतंय? पण अंगठा बोलला तर त्याला नातं नसतं. म्हातारीनं साहेबापुढं अंगठा उठवावा. जुन्याशी जुळला की खोटा अंगठा म्हणता येणार नाही. घेणारीच सांगेल, मी घेतलं आणि पोरींना दिलं. चूक राहील, चोरी राहणार नाही. नोकरी परत मागता येईल."

"आन् म्हातारीला काय केलं तर?" मी इच्यारलं.

"काय करतील? तिनं चोरलंय काय?"

पर भंडारा व्हता. ज्यानं शपथ घातली त्येनंच उतरवावी लागती, आमच्यात. दादानं कवाच मागितली नसती. मी घरी येऊन मालकांपुढं बसले. सांगितलं, भावाचं वजन बघा, पट्टा दोन भोकं आत गेलाय. मला हाकला पायजे तर. पर उतरवा. मालक दोन दिस मेंढरांमागंच ऱ्हायलं. मग सोता बिरोबाला गेलं, पाणी वाहिलं आन् भांडगावला जाऊन दादाच्या कपाळाला हात लावून आलं. "मोकळं केलं मास्तर," म्हणलं. आन् आत्याबाई पण हो म्हणली. म्हणली, "मास्तरनं माझ्या नातींना शिकिवलं, एक अंगठा काय जड हाय?"

त्या रातीला मला दोन वरसात पहिल्यांदा झोप लागली. त्या साली तारखेपायी मी आन् मालक थोडी मेंढरं घेऊन घरीच ऱ्हायलो व्हतो, सायली भावकीच्या वाड्यासंगट गेल्ती.

पर तारखेच्या आधल्या दिवशी, दिवस मावळायला, सोपानराव आलं. गावातलं मोठं बागायतदार. शाळंच्या कमिटीवर व्हतं, त्या पैशाच्या कागदावर खाली त्यांची पण सही व्हती. ते पण भ्यालं व्हतं, हे मला आता कळतंय. तवा मला वाटलं आमच्यासाठी आलेत.

खाटंवर बसलं, पाणी प्यालं. म्हणलं, "झुंबरबाई, उद्या पुण्याला निघालाव म्हणं. हिंडायला?"

"मास्तरच्या कामाला."

"जा की. पर ध्यानात ठिवा, एक माणूस एक अंगठा. सरकारचा कायदा हाय. तुमी सहा नावांपुढं उठवला. सहा येळा सजा. मास्तर सुटंल, व्हय. पर कुणीतरी धरल्याबिगर सुटतंय का कुणी?"

मालक घरी न्हवतं. मी म्हणलं, "वकील तर म्हणलं काय करत न्हाईत."

"वकील बाई, मास्तरचा वकील हाय. म्हातारीचा हाय का?"

आत्याबाई रातीला जेवली न्हाई. पहाटं मी शेण काढायला गेले, ती चुलीपुढं बसली व्हती. मी म्हणलं शेकत आसंल. जळाल्याल्या कातड्याचा वास आला तवा मी पळत आत आले.

तर हे असं झाल्तं. आन् आता दादा लेंड्यांत बसला व्हता.

मालक रानातनं आलं. बघितलं आन् आईवर हात उगारला. दादा मधी गेला.

"दाजी, नको. तिच्या जागी मी असतो तर मी पण घातला असता."

"मास्तर, आता काय करायचं?"

"आधी डागदरकडं न्यायचं. हे पिकलं तर हात जाईल."

मी म्हणलं, दादा, तारीख हाय. पुणं. तो म्हणला, बघू. कोरफड मागितली, गर काढून सोता तिच्या अंगठ्याला लावला. आत्याबाई म्हणायची, "मास्तर, मला पुण्याला नेऊ नका," आन् तो म्हणायचा, "न्हाई नेत, आत्या, तळेगावला नेतो." असं किती येळा तरी.

जीपमधी आमी तिघं. मालक मेंढरांमागं गेलं, कुणालातरी जायलाच लागतंय. तळेगावच्या डागदरनं पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. इच्यारलं, कसं भाजलं? दादा म्हणला, भाकरी थापताना. डागदर त्याच्याकडं बघून म्हणलं, "तुम्हाला काय होतंय? एवढा घाम का?" दादा म्हणला, "ऊन हाय." दवाखान्यात ऊन कुठलं? मला तवा कळायला पायजे व्हतं, असं मला लोक म्हणत्यात. मला त्याचं भ्यायल्यालं तोंड बघायची सवय झाल्ती. त्यातलं कुठलं भ्या आन् कुठलं दुखणं, ते मी कसं वळखणार?

एस्टी स्टँडाजवळ फोनचा डबा व्हता. तिथनं बापूसाहेबांना पुण्यात कुठल्यातरी नंबरवर फोन लावला. दादा वरडून सांगत व्हता, "अंगठा भाजला! म्हातारीचा! अंगठा!" समदी माणसं बघाया लागली. आत्याबाईनं पट्टीचा हात पदराखाली घेतला. बापूसाहेब म्हणलं, तुम्ही एकटे या. डागदरची चिठ्ठी घेऊन या. आपण तारीख मागून घेऊ. अंगठा काय गेला नाही, कातडं येतं परत.

दादानं मला सांगितलं. "कातडं येतं म्हणं परत." जरा हासला पर. मग म्हणला, "पर कुशे, साहेबानं इच्यारलं, मास्तर, तुमीच भाजला का म्हातारीचा अंगठा, तर काय सांगू?"

ते माझ्या डोक्यात आलं न्हवतं. खरंच तसं म्हणलं असतं तर? कुणी आमचं ऐकलं असतं? मी म्हणलं, मी येते संगट. तो म्हणला, आत्याला घरी कोण नील? तू हिला घिऊन जा.

शिक्रापूरची जीप भरत व्हती. डायवर वरडत व्हता, "चला शिक्रापूर, शिक्रापूर, एक शीट, एक शीट." दादा कट्ट्यावर बसला, आत्याबाईच्या शेजारी. म्हणला, ही जाऊ दे, गर्दी हाय, म्होरच्या जीपनं जातो. मी रसाच्या गाड्यावरनं पाणी आणायला गेले. माघारी आले तर त्यानं डोकं आत्याबाईच्या खांद्यावर टाकल्यालं. मला वाटलं डोळा लागला. दोन वरसात तो असा कुणाच्या खांद्याला टेकला न्हवता. आत्याबाईनं ओठावर बोट ठिवून मला खुणावलं, गप, झोपलाय. मी तिथंच पाण्याचा तांब्या घिऊन उभी ऱ्हायले. उठवलं न्हाई. दुसरी जीप आली. डायवर म्हणला, "ओ पाव्हणं, शिक्रापूर का?" आन् दादाच्या गुडघ्याला हात लावला. गुडघा तसाच बाजूला पडला.

मी वरडले का न्हाई, मला आठवत न्हाई. तांब्या पडला ते आठवतंय.

दवाखान्यात हवालदार आला. वाटंत मेला म्हणून पंचनामा. खाकी बघून मला वाटलं, दादा, उठ, उसात चल. हवालदार तसा बरा माणूस व्हता. म्हणला, "आजी, तुमी शेजारी व्हता ना? इथं अंगठा लागतोय." आत्याबाई भिंतीला लागली. आत सरकती का काय अशी. तिनं पट्टीचा हात दाखवला. हवालदार म्हणला, "ऱ्हाऊ द्या, दुसऱ्या हाताचा चालंल." तिनं दुसरा दिला. तिला काय झालं न्हाई. हवालदारानं फडकं दिलं, म्हणला, पुसा. ती फडक्याकडं बघतच ऱ्हायली. "एवढंच?" म्हणली. तो म्हणला, "एवढंच आजी."

न्हावऱ्यावरनं चौफुल्याला, तिथनं भांडगावला नेला त्याला. वैनी वाटंकडं बघत उभी व्हती, तिला वाटलं पुण्याहून आलो. तिच्याबद्दल मला सांगता येत न्हाई.

दहाव्याला बापूसाहेब आलं. चपला काढून ओट्यावर बसलं. वैनीला म्हणलं, "बाई, माणूस गेला तरी अपील जात नाही. तुझं नाव लावू. नोकरी नाही मिळायची आता, पण डाग जाईल आणि तुला पेन्शन मागता येईल. फक्त तो अंगठा पाहिजे." वरडून बोल्लं, त्यांच्या सवयीनं. समद्या मांडवानं ऐकलं. आत्याबाई बायकांत मागं बसली व्हती. कुणी तिच्याकडं बघितलं न्हाई, आन् समद्यांनी बघितलं.

मग आमी घरी आलो. सोपानराव एकदा रस्त्यानं गेलं, "काय झुंबरबाई?" म्हणलं. तिनं तोंड फिरवलं. पट्टी निघाली. खपली पडली. खालनं कातडं आलं ते तांबडं, गुळगुळीत, कोकराच्या जिभंवानी. त्यावर रेघ म्हणून न्हाई. मी मनात म्हणलं, संपलं.

मग एक दिवशी दाराशेजारच्या भिंतीवर मला काळा ठिपका दिसला. आमची भिंत चुन्याची. मी पुसाया गेले तर आत्याबाई म्हणली, "ऱ्हाऊ दे." दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूला अजून एक. तवा मी बघितलं. भाकरी झाल्या की ती तवा उलटा करायची, बुडाची काजळी अंगठ्याला लावायची आन् भिंतीवर दाबायची. मग लांब हून बघायची, जवळ हून बघायची. तिला जवळचं दिसत न्हाई. नुसता काळा डाग. मालक बघायचं आन् काठी घेऊन मेंढरांकडं जायचं. मी बघायचे आन् तवा घासायला घ्यायचे. डागांची रांग पार खिडकीपतूर गेली.

पाऊसकाळ जवळ आला, वाडा माघारी आला, सहा पोरी आल्या. त्याच दिवसात कवातरी सकाळी तिनं हाक मारली.

"कुशे, हिकडं ये. मला दिसत न्हाई. बघ गं."

मी भिंतीला डोळं लावलं. शेवटचा डाग दुसऱ्यावानी न्हवता. कडंला अजून काळंच व्हतं, पर मधी बारीक बारीक पांढऱ्या रेघा. वाकड्या, एकीमागं एक, माळावर मेंढरांच्या वाटा पडत्यात तशा.

"हायत का?"

"हायत, आत्याबाई."

ती हात धुवायला गेली न्हाई. काळा अंगठा लुगड्याला लागू नये म्हणून असा वर धरला, आन् दारात जाऊन मालकांना हाक मारली, "संपत, शिक्रापूरची जीप कवा हाय रं?"